विरघळणे आणि वितळणे : थंड वितळलेल्या क्षारांचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव जड आहे : साध्या तापमानाला द्रव राहणाऱ्या क्षारांमध्ये धातूंच्या जटिल संयुगांचं विद्युत् रसायन. नाव ऐकून कोणी उठून जाऊ नये म्हणून आधीच सांगतो, की आम्ही आयुष्यभर शिकवलं ते तत्त्वज्ञान. रसायनाच्या या कोपऱ्यात आम्ही शिरलो ते एका प्रश्नामुळे. एखादी वस्तू हातात येणं आणि तिचा शोध लागणं, या दोन्ही गोष्टी एकच आहेत का? या द्रवांच्या इतिहासात हा प्रश्न जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच कुठे दिसतो.

सुरुवात दोन क्रियापदांपासून करू. मराठीत आपण म्हणतो, साखर विरघळली, मेण वितळलं. पण बर्फाच्या बाबतीत आपण दोन्ही म्हणतो. बर्फ वितळला आणि बर्फ विरघळला, बोलताना फरक करत नाही. रसायनात मात्र फरक मोठा आहे. विरघळायला दुसरं कोणी तरी लागतं, म्हणजे पाण्यासारखा द्रव लागतो. वितळणं ही वस्तूची स्वतःची गोष्ट. तिथे दुसरं कोणी नसतं, फक्त उष्णता असते. मीठ पाण्यात विरघळतं, हे समुद्राच्या काठावर राहणाऱ्यांना सांगायला नको. मिठागरात आपण त्याचं उलट करतो. उन्हानं पाणी उडवून लावलं की मीठ मागे राहतं. पण मीठ नुसतं वितळवायचं म्हटलं तर? त्याला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. चुलीवरच्या कढईत ते होणार नाही.

मीठ का वितळत नाही? मिठात सोडियमचे धनभारित कण आणि क्लोरिनचे ऋणभारित कण असतात. त्यांना आयन म्हणतात. हे कण लहान, गोल आणि एकसारखे. जांभ्याचे घडवलेले चिरे जसे एकावर एक चपखल बसतात आणि भिंत हलत नाही, तसं ते बसतात. ती भिंत मोडायला आग लागते. आता चिऱ्यांऐवजी तुमच्याकडे असोले नारळ आणि वेडेवाकडे दगड दिले आणि म्हटलं भिंत रचा, तर ती रचली जाणार नाही. ढीग घसरत राहील. आयन मोठे आणि बेढब असले की क्षाराचं तेच होतं. तो साध्या हवेतही घसरता राहतो, म्हणजे द्रव राहतो. त्यात पाणी नाही, दुसरा कोणताही द्रव नाही. तो वितळलेला आहे, विरघळलेला नाही. शंभर अंशांच्या खाली वितळणाऱ्या अशा क्षारांना आज आयनिक द्रव म्हणतात.

ही कल्पना इतकी सोपी असेल तर ती रुजायला इतका वेळ का लागला? कारण वितळलेला क्षार म्हणजे आग, हे समीकरण पक्कं होतं, आणि ते पक्कं होण्याला मोठी माणसं कारण होती. १८०७ साली हम्फ्री डेव्हीनं वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडली आणि पोटॅशियम हा धातू जगानं पहिल्यांदा पाहिला. काही दिवसांत त्यानं त्याच वाटेनं सोडियमही मिळवला. पुढे मायकेल फॅरेडेनं १८३३ साली एक गोष्ट टिपून ठेवली. पाण्यातून वीज जाते, पण त्याच पाण्याचा बर्फ झाला की जात नाही. मग त्यानं क्षार वितळवून पाहिले. घन असताना अडणारी वीज वितळल्याबरोबर वाहू लागली. १८३४ साली विल्यम ह्यूएल या विद्वानाच्या सल्ल्यानं त्यानं नवे शब्द घडवले. त्यातलाच एक आयन. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ जाणारा. घन क्षारात हा जाणारा कण कोंडलेला असतो, वितळला की मोकळा होतो. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी स्वतंत्रपणे अॅल्युमिनियम काढायची रीत शोधली. आजही अॅल्युमिनियम त्याच रीतीनं निघतं, वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये, साधारण साडेनऊशे अंशांच्या वर. आपल्या घरातली पातेली त्या भट्टीतून आलेली असतात.

अशा वातावरणात कोणाच्या हातात थंड वितळलेला क्षार आला तर त्याला तो तसा दिसेल का? आता कोलकात्याला जाऊ.

प्रफुल्लचंद्र राय हे नाव तुमच्या ओळखीचं आहे. १८९६ साली मर्क्युरस नायट्राइट या संयुगामुळे त्यांचं नाव झालं आणि पुढची अनेक वर्षं त्यांनी नायट्राइट क्षारांचा पिच्छा पुरवला. १९११ साली त्यांनी आणि जितेंद्रनाथ रक्षित यांनी लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. त्यात एथिल अमोनियम नायट्राइट नावाचा क्षार होता. तो अस्थिर होता, टिकत नव्हता. पण त्यांनी नोंद केली की हा जड पिवळा द्रव आहे, आणि बर्फ-मिठाच्या मिश्रणात ठेवूनही तो गोठत नाही. बर्फ-मिठाचं मिश्रण म्हणजे आपण हातानं फिरवायच्या भांड्यात आइस्क्रीम करताना घालतो तेच. त्यानं शून्याच्या खाली वीसेक अंशांपर्यंत गारवा मिळतो. तिथेही हा क्षार द्रवच राहिला.

तीन वर्षांनी, १९१४ साली, सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीच्या पत्रिकेत पॉल वाल्डेन यांचा निबंध आला. वाल्डेन लॅटव्हियातले, रिगाच्या पॉलिटेक्निकमध्ये नावाजलेले. त्यांचा क्षार एथिल अमोनियम नायट्रेट. रायबाबूंच्या क्षाराचा सख्खा भाऊच म्हणा. नायट्राइटच्या जागी नायट्रेट. त्याचा वितळबिंदू सुमारे १२ अंश. म्हणजे तोंडवलीत तो बारा महिने द्रव राहील.

दोघांच्या हातात जवळजवळ एकच वस्तू होती. पण दोघांनी तिला विचारलं काय, ते बघा. राय यांना क्षार हवा होता. तो तयार होतो का, त्याचं सूत्र काय, तापवल्यावर त्याचं काय होतं, हे त्यांचे प्रश्न. तो द्रव निघाला ही प्रामाणिकपणे नोंदवलेली एक माहिती होती. वाल्डेन यांचा प्रश्न द्रवपणाविषयीच होता. वितळलेल्या क्षारांच्या वीजवहनाचा अभ्यास करायचा आहे, पण आठशे अंशांवर मोजमापं नीट होत नाहीत, भांडी टिकत नाहीत. तर मग शंभर अंशांच्या खाली वितळणारे क्षारच का शोधू नयेत? हा विचार करून ते शोधायला निघाले होते.

म्हणजे वाल्डेन यांच्यापाशी प्रश्न होता. तरीही पुढे काय झालं? काहीच नाही. १९१४ सालीच महायुद्ध सुरू झालं. रशियात क्रांती झाली. १९१९ साली वाल्डेन जर्मनीत रोस्टॉकला गेले. त्यांच्या क्षाराकडे कित्येक दशकं फारसं कोणी पाहिलं नाही. तेव्हा इतिहास सांगतो की एकट्याचा प्रश्नही पुरत नाही. तो प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी पडावा लागतो.

मधल्या काळात ही वस्तू पुन्हा पुन्हा हातात येत राहिली. १९३४ साली ग्रेनाखर यांच्या पेटंटात वितळलेल्या सेंद्रिय क्षारांत लाकडातलं सेल्युलोज विरघळवायची रीत आहे. मग १९५१ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस इन्स्टिट्यूटमधले फ्रँक हर्ली आणि थॉमस वायर. त्यांना अॅल्युमिनियमचा मुलामा द्यायचा होता. तांब्याचा, निकेलचा मुलामा पाण्यातून देता येतो, अॅल्युमिनियमचा येत नाही, कारण वीज सोडली की अॅल्युमिनियमच्या आधी पाणीच फुटतं आणि हायड्रोजन निघतो. म्हणून त्यांनी एथिल पिरिडिनियम ब्रोमाइड आणि अॅल्युमिनियम क्लोराइड या दोन घन पदार्थांचं मिश्रण घेतलं. दोन पांढऱ्या पुडी एकत्र केल्या आणि द्रव झाला. त्यातून साध्या तापमानाला अॅल्युमिनियमचा थर बसला.

मग लष्कर आलं. १९६३ साली अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीत मेजर लोवेल किंग यांनी काम सुरू केलं. क्षेपणास्त्रांसारख्या शस्त्रांत औष्णिक बॅटऱ्या असतात. त्यातला क्षार एरवी घन असतो आणि वापराच्या क्षणी वितळवला जातो. त्या क्षाराला साडेतीनशे अंश लागत. कमी अंशांचा क्षार हवा होता. आधी मीठ आणि अॅल्युमिनियम क्लोराइड यांच्या मिश्रणानं काम १०७ अंशांपर्यंत खाली आलं. पुढे जॉन विल्क्स आणि सहकाऱ्यांना जुनी कागदपत्रं चाळताना हर्ली यांचं काम सापडलं आणि रस्ता साध्या तापमानाकडे वळला. शस्त्रांच्या गरजेनं एका विसरलेल्या पेटंटावरची धूळ झटकली, हे आपल्याला आवडो न आवडो, घडलं तसं आहे.

आता धातूंकडे येऊ, कारण आमच्या मते या कथेचं खरं वळण तिथे आहे.

लोह, कोबाल्ट, निकेल, तांबं यांना संक्रमणी धातू म्हणतात. यांचा गुण असा की ते एकाहून अधिक रूपांत राहू शकतात. लोहाचे दोन इलेक्ट्रॉन गेलेले असतील किंवा तीन. शिवाय हे धातू एकटे राहत नाहीत, भोवती गोतावळा जमवतात : पाण्याचे रेणू, क्लोराइड, नाही तर मोठी सेंद्रिय वलयं. मधे धातू आणि भोवती गोतावळा, याला जटिल संयुग म्हणायचं. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन याच जातीचं. विद्युत् रसायनवाले अशा संयुगाच्या द्रावणात इलेक्ट्रोड बुडवतात, विजेचा दाब हळूहळू वाढवतात, परत कमी करतात, आणि कोणत्या दाबाला इलेक्ट्रॉन सुटतो, कोणत्या दाबाला परत येतो, हे आलेखावर बघतात. त्या आलेखावरून कळतं की धातूनं इलेक्ट्रॉन सुखानं दिला की ओढून काढावा लागला, आणि दिल्यावर रेणू शाबूत राहिला की मोडला.

१९७५ साली कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या चार जणांनी एक निबंध छापला. हेलेना चुम या ब्राझीलच्या संशोधिका, कॉख, मिलर आणि रॉबर्ट ऑस्टरयंग. त्यांनी हर्ली आणि वायर यांचा द्रव घेतला, पण मुलामा द्यायला नाही. त्यात लोहाची सेंद्रिय संयुगं टाकली आणि ती तिथे कशी वागतात ते मोजलं. इथे प्रश्न पालटला. आतापर्यंत लोक विचारत होते, या द्रवातून काय काढता येईल? यांनी विचारलं, या द्रवात राहायला कसं वाटतं? आणि उत्तर द्यायला धातूला साक्षीला बोलावलं.

साक्ष कशी मिळते, ते कोबाल्टच्या उदाहरणानं सांगतो. औषधाच्या किंवा कॅमेऱ्याच्या खोक्यात ओल शोषणारे दाणे असतात, त्यातले काही कोरडे असताना निळे आणि ओले झाले की गुलाबी होतात. ती कोबाल्टची किमया. पाण्याचे सहा रेणू भोवती असले की गुलाबी, चार क्लोराइड असले की निळा. आता आपला थंड वितळलेला क्षार घ्या. त्यात अॅल्युमिनियम क्लोराइडचं प्रमाण निम्म्याहून कमी ठेवलं तर सुटे क्लोराइड शिल्लक राहतात. कोबाल्ट ते चार जवळ ओढतो आणि गडद निळा होतो. त्या अवस्थेत त्याला धातू म्हणून बाहेर काढणं फार कठीण. तेच प्रमाण निम्म्याच्या वर नेलं की सुटा क्लोराइड उरत नाही, कोबाल्टचा गोतावळा सैल होतो आणि वीज सोडली की त्याचा थर बसतो. द्रव तोच, पुड्या त्याच, फक्त प्रमाण बदललं, आणि धातूचा स्वभाव पालटला. चार्ल्स हसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अशा कितीतरी धातूंची वागणूक टिपली. १९८६ साली हसी, सेडन आणि मंडळींनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की पाण्यात टाकली तर मोडून जाणारी क्लोराइड संयुगं इथे निवांत राहतात आणि त्यांचे रंग मोजता येतात. तेव्हा लक्षात आलं, की धातूंचा स्वभाव म्हणून आपण जे पाठ केलं होतं त्यातला बराचसा पाण्याचा स्वभाव होता. हे वाक्य तत्त्वज्ञानाच्या माणसाला गप्प बसवणारं आहे.

आता एक पेच सांगतो. विजेचा दाब नुसता मोजता येत नाही. कशाच्या तरी तुलनेत मोजावा लागतो. डोंगराची उंची आपण समुद्रसपाटीपासून मोजतो तशी. पाण्याच्या राज्यात हायड्रोजनचा इलेक्ट्रोड हीच समुद्रसपाटी. पण या नव्या द्रवाचा समुद्रच वेगळा. इथली सपाटी आणि तिथली सपाटी यांचा मेळ कसा घालायचा? उपाय म्हणून एक रेणू निवडला, फेरोसीन. मधे लोह आणि वर-खाली कार्बनच्या पाच-पाच अणूंची दोन वलयं, वड्यात पाव नव्हे, पावात वडा असतो तसं. त्याची पहिली बातमी १९५१ सालीच आली, हर्ली आणि वायर यांच्या निबंधाच्याच वर्षी. या जातीच्या रेणूंवरील कामासाठी फिशर आणि विल्किन्सन यांना १९७३ चं नोबेल मिळालं. फेरोसीनचं लोह वलयांच्या आत झाकलेलं, त्यामुळे बाहेर कोणता द्रव आहे याचं त्याला फारसं सोयरसुतक नाही, असं मानलं गेलं. १९८४ साली रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं पाण्याव्यतिरिक्तच्या द्रवांत फेरोसीनला प्रमाण मानावं अशी शिफारस केली. आजही आयनिक द्रवांवरच्या निबंधांत दाब बहुधा फेरोसीनच्या तुलनेतच दिलेला असतो.

पण 'असं मानलं गेलं' हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले. फेरोसीनचा दाब सगळ्या द्रवांत सारखाच असतो हे सिद्ध कसं करणार? त्यासाठी फेरोसीनहून तटस्थ दुसरा साक्षीदार लागेल, आणि त्याच्यासाठी तिसरा. न्यायशास्त्रात याला अनवस्था म्हणतात : प्रमाणाला प्रमाण, त्याला आणखी प्रमाण, शेवटच नाही. रसायनवाल्यांनी तो वाद मिटवला नाही. सगळे मिळून एकाला साक्षीदार मानू, म्हणजे निदान एकमेकांचे आकडे ताडून बघता येतील, असं ठरवलं आणि कामाला लागले. आमच्या मते हा शहाणपणा आहे. मात्र मानलेलं आहे हे विसरलं की तो अंधविश्वास होतो.

पुढचं थोडक्यात. अॅल्युमिनियम क्लोराइडच्या द्रवांना दमट हवा चालत नसे. कोकणातल्या पावसाळ्यात तर त्यांचा निभावच लागला नसता. १९९२ साली विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवेत आणि पाण्यात टिकणारे आयनिक द्रव जाहीर केले आणि मग या विषयाला पूर आला. यांची वाफ होत नाही, म्हणून हे हिरवे, पर्यावरणाचे मित्र, असा डंका पिटला गेला. २००६ साली 'नेचर'मध्येच दाखवलं गेलं की काहींची वाफ करून ऊर्ध्वपातन होऊ शकतं. काही पाण्यातल्या जिवांना विषारी आहेत, काही ओलाव्यानं फुटून हायड्रोजन फ्लुओराइडसारखं घातक द्रव्य सोडतात. वाफ होत नाही म्हणजे अपाय होत नाही, हा तर्कच चुकीचा होता. खाडीच्या काठावर राहणाऱ्यांनी 'हिरवं' हा शब्द ऐकला की पुढचा प्रश्न विचारावा : पाण्यात गेलं तर माशांचं काय?

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या द्रवांवर काम झालं आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि कल्पाक्कमला युरेनियम आणि त्याच्या जवळच्या धातूंसाठी हे द्रव अभ्यासले जातात. आणि गंमत बघा : अॅल्युमिनियम क्लोराइडचा तोच जुना घराणा २०२१ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात घातक हायड्रोजन फ्लुओराइडच्या जागी कामाला लागला.

एवढ्यावर थांबतो. श्रोत्यांकडून एक प्रश्न आला आहे, तो वाचतो आणि उत्तर देतो.

प्रश्न : मग पहिला मान वाल्डेन यांच्याऐवजी आचार्य राय यांना द्यायला हवा ना? आपल्या माणसाचं श्रेय आपण सोडायचं का?

सोडायचं मुळीच नाही. १९११ चा निबंध छापील आहे, त्यातला द्रव खरा आहे. साध्या तापमानाला द्रव असलेल्या क्षाराची ती बहुधा पहिली नोंद, हे म्हणायला काही हरकत नाही. आणि प्रत्येक पाठ्यपुस्तकानं ते म्हणावं. पण 'आयनिक द्रवांचा शोध राय यांनी लावला' असं म्हटलं, तर आपण त्यांच्या तोंडी न विचारलेला प्रश्न घालतो. राय स्वतः इतिहासकार होते. हिंदू रसायनशास्त्राचा त्यांचा दोन खंडांतला इतिहास १९०२ आणि १९०९ साली आला. जुन्या ग्रंथांतलं प्रत्यक्ष काय आहे आणि मागाहून आपण त्यात काय वाचतो, हा भेद त्यांनी कष्टानं सांभाळला. त्यांच्या बाबतीतही आपण तो सांभाळला पाहिजे. त्यांनी जे पाहिलं ते नेमकं लिहून ठेवलं, उपयोग दिसत नसतानाही गाळलं नाही. म्हणूनच शंभर वर्षांनी आपण त्यावर बोलू शकतो. शोधाच्या कथेत प्रश्न विचारणाऱ्याइतकीच जागा अशा नोंद करणाऱ्यालाही आहे, आणि ती त्याच्या नावानंच द्यावी.